सोन्याचा कस कसा मोजतात?

व्याज नको म्हणून मुदतठेवीच्या वाटेला न जाणारी पुष्कळ कुटुंबे आपल्यात आहेत. अशा घरांची पुंजी एक तर धंद्यात गुंतलेली असते, नाही तर दागिन्यांत. यंत्रमागवाला असो, गॅरेजवाला असो की फळविक्रेता असो, मुलीचे लग्न, दवाखान्याचा खर्च किंवा ऐन हंगामात भरावयाचा माल, अशा वेळी शेवटी हात जातो तो कपाटातल्या डबीकडेच. पण आपली तऱ्हा पाहा. दुकानात आलेले गिऱ्हाईक दोनशे रुपयांचे कापड घेताना सूत ओढून पाहते, मिसळ किती आहे ते विचारते, धुतल्यावर आटेल काय याची खात्री करते. तेच गिऱ्हाईक दोन लाखांचे सोने घेताना फक्त पिवळा रंग आणि सराफाची ओळख एवढ्यावर उठते.

आम्हीही त्यातलेच. २००४ साली ईदच्या आधी माल भरण्यासाठी आम्ही घरातल्या ४० ग्रॅमच्या बांगड्या मोडीत काढल्या. घेताना त्या २२ कॅरेटच्या म्हणून घेतल्या होत्या, आणि साध्या चिठ्ठीवर तसे लिहिलेही होते. आटणी झाल्यावर टंच निघाला ७८. म्हणजे जेथे ३६ ग्रॅम ६४ सेंटिग्रॅम शुद्ध सोने असायला हवे होते, तेथे ३१ ग्रॅम २० सेंटिग्रॅमच होते. साडेपाच ग्रॅमच्या आसपास सोने कधी आमचे नव्हतेच, पण त्याचे पैसे मात्र आम्ही मोजले होते. त्या दिवसापासून आम्ही हा विषय समजून घेण्याचा प्रयत्न केला. तो व्यापारी आणि कारागीर बांधवांपुढे मांडतो.

कॅरेट आणि हजारी हिशेब

कॅरेट हा शब्द अरबी ‘किरात’वरून आलेला आहे. शुद्ध सोन्याचे २४ भाग धरायचे आणि दागिन्यात त्यांपैकी किती भाग सोने आहे ते सांगायचे, ही पद्धत. २२ कॅरेट म्हणजे २४ पैकी २२ भाग सोने, बाकी दोन भाग तांबे, चांदी, जस्त वगैरे. हिरे मोजण्याचा कॅरेट निराळा. तो वजनाचा आहे आणि २०० मिलिग्रॅमचा असतो. दोहोंची गल्लत करू नये.

याच गोष्टीचा दुसरा आकडा हजारी असतो, म्हणजे हजार भागांत सोने किती. २२ कॅरेटला ९१६, २० कॅरेटला ८३३, १८ कॅरेटला ७५०, १४ कॅरेटला ५८५ आणि ९ कॅरेटला ३७५. सराफ बाजारात ज्याला टंच म्हणतात तो शंभरीतला आकडा. ९१६ म्हणजे टंच ९१.६०. कॅरेट, हजारी आणि टंच ही एकाच मालाची तीन नावे आहेत. हिशेब करावयाचा तो मात्र हजारी आकड्यावर करावा, कारण फसगत बहुधा बारीक फरकातच होते.

हीण मिसळणे हा काही गुन्हा नाही. चोख सोने मऊ असते, त्याच्या बारीक कड्या वाकतात, खड्याची पकड सैल होते. म्हणून मिसळ करावीच लागते. १९६३ साली सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले तेव्हा तर १४ कॅरेटच्या वरचे दागिने घडवण्यासच मनाई झाली होती. ती अट १९६६ साली उठली आणि सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० साली रद्द झाला. गुन्हा मिसळीत नाही. मिसळ ७५० ची करून भाव ९१६ चा घेणे हा गुन्हा आहे.

आखाती देशांतून येणाऱ्या बांधवांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अरब देशांत २१ कॅरेटचे, म्हणजे ८७५ चे दागिने मोठ्या प्रमाणावर चालतात. आपल्याकडच्या हॉलमार्कच्या प्रतींत २१ कॅरेट ही प्रतच नाही. त्यामुळे असा दागिना येथे विकायला नेल्यावर त्याला सर्रास २० चा भाव सांगितला जातो. दागिन्यावर ८७५ कोरलेले असेल तर ते दाखवून, तपासणी करून, ८७५ चाच हिशेब मागावा.

रंगावर जाऊ नये

तांबे जास्त घातले की सोने तांबूस दिसते, चांदी जास्त घातली की फिकट, हिरवट झाक येते. त्यामुळे दोन दागिने एकाच कसाचे असून रंगाने वेगळे, आणि रंगाने एक असून कसाने वेगळे असू शकतात. वरून मुलामा दिला असेल तर बोलायलाच नको. लोहचुंबकाचीही तीच गोष्ट. चुंबकाला चिकटले तर आत लोखंड आहे हे कळते. न चिकटल्याने काहीच सिद्ध होत नाही, कारण तांबे, चांदी, जस्त हेही चिकटत नाहीत.

कसोटीचा दगड

सर्वांत जुनी आणि आजही चालणारी रीत म्हणजे कसोटी. काळ्या दगडावर दागिना घासायचा, शेजारी माहीत असलेल्या कसाची सुई घासायची आणि दोन रेघा ताडून पाहायच्या. मग रेघेवर तेजाब लावायचा. हलक्या कसाची रेघ शोऱ्याच्या तेजाबाने, म्हणजे नायट्रिक आम्लाने, विरून जाते. वरच्या कसाच्या सोन्यासाठी त्यात थोडे मिठाचे तेजाब मिसळावे लागते.

अकबराच्या टांकसाळीचे वर्णन करताना अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त या सुयांच्या रीतीला ‘बनवारी’ म्हटले आहे. इराणात कसाचे दहा दर्जे मानीत, हिंदुस्थानात बारा. म्हणून आपल्याकडचे अव्वल सोने ‘बारहबानी’. त्याने आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. अलाउद्दीनचा दीनार लोक बारा दर्जांचा समजत आले होते, नीट पारख केल्यावर तो साडेदहाचाच भरला. बादशहाचा शिक्का असूनही नाण्याची पुन्हा पारख करणाऱ्या त्या सराफांकडून आपण घेण्यासारखे आहे.

कसोटीला मर्यादा दोन. एक म्हणजे ती पृष्ठभागाचीच परीक्षा आहे. दुसरी म्हणजे चांगल्या पारख्याच्या नजरेलाही हजारी दहा-वीस अंशांचा फरक पडू शकतो. ९१६ आणि ९०० यांतला फरक दगडावर सांगणे कठीण.

पाण्यातले वजन

सोने फार जड धातू आहे. पाण्याच्या १९.३ पट. चांदी १०.५ पट, तांबे ९ पटींच्या आसपास. त्यामुळे मिसळ वाढली की त्याच वजनाचा दागिना जास्त जागा घेतो. हवेतले वजन आणि पाण्यात बुडवून घेतलेले वजन यांच्या फरकावरून हे कळते. अल-बिरूनीने धातूंची ही तुलना बारकाईने केली होती, आणि अल-खाजिनीने ११२१ च्या सुमारास ‘मीजानुल हिक्मा’ या ग्रंथात त्यासाठी खास तराजूचे वर्णन केले. भरीव नाणे किंवा लगड यांसाठी ही रीत आजही उपयोगी आहे. पोकळ बांगडी, लाख भरलेले मणी आणि खड्यांचे काम यांना ती लागू पडत नाही. शिवाय टंगस्टन हा धातू घनतेने सोन्याच्या अगदी जवळ आहे. त्याची लबाडी पाण्यात उघडी पडत नाही.

यंत्राची तपासणी

आता बऱ्याच सराफांकडे क्ष-किरणांचे यंत्र असते. दागिना आत ठेवला की एक-दोन मिनिटांत सोने किती, चांदी किती, तांबे किती याचे आकडे पडद्यावर येतात. दागिना तोडावा लागत नाही, हा मोठा फायदा. पण हे यंत्रही वरचा पातळ थरच पाहते. आमच्या धंद्यातला दाखला देतो. खरी जरी वरून पाहिली तर सोन्याची दिसते, आत चांदीची तार असते. जाड मुलाम्याच्या दागिन्याचेही तसेच. म्हणून यंत्रावर दागिना एकाच जागी न ठेवता तीन-चार जागी ठेवायला सांगावे. विशेषतः कडीचा सांधा, फासा आणि मागची बाजू. आकडे जुळले नाहीत तर विचारावे.

आगीतली परीक्षा

अखेरचा निवाडा भट्टीचा. दागिन्याचा सुमारे पाव ग्रॅम तुकडा घेऊन अत्यंत नाजूक काट्यावर तोलतात. त्यात ठरावीक चांदी घालून शिशाच्या पत्र्यात गुंडाळतात आणि हाडांच्या राखेच्या किंवा तशाच पदार्थाच्या छोट्या वाटीत ठेवून हजार अंशांच्या वरच्या भट्टीत ठेवतात. शिसे तांबे-जस्तासारखे हलके धातू बरोबर घेऊन वाटीत जिरते. मागे उरतो सोने-चांदीचा मणी. तो ठोकून, लाटून नायट्रिक आम्लात उकळला की चांदी विरघळते आणि निव्वळ सोने उरते. ते पुन्हा तोलायचे. आधीचे वजन आणि नंतरचे वजन, यातून कस निघतो. यात नजरेचा अंदाज नाही, रंगाचा भरवसा नाही. सराफ कट्ट्यावर माती धुऊन सोने काढणाऱ्या आपल्या झारेकरी घराण्यांना आग आणि तेजाब यांचे हे काम पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. प्रयोगशाळेने त्याला काटेकोर मापाची जोड दिली, इतकेच.

हॉलमार्क कसा वाचावा

आपल्या देशात सोन्याच्या दागिन्यांसाठी भारतीय मानक ब्युरोचा हॉलमार्क २००० साली सुरू झाला. तेव्हा तो ऐच्छिक होता. २३ जून २०२१ पासून तो २५६ जिल्ह्यांत सक्तीचा झाला आणि पुढे टप्प्याटप्प्याने आणखी जिल्हे वाढले. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना दुकानदाराला विकता येत नाही. आता दागिन्यावर तीन खुणा असतात. ब्युरोचे त्रिकोणी चिन्ह, कसाचा आकडा (उदाहरणार्थ २२के९१६) आणि अक्षरे व अंक मिळून होणारा सहा स्थळांचा क्रमांक. त्याला एचयूआयडी म्हणतात. हा क्रमांक प्रत्येक दागिन्याचा निराळा असतो. या खुणा फार बारीक असतात. दहापट मोठे दाखवणारे भिंग दुकानात ठेवणे दुकानदारावर बंधनकारक आहे. ते मागण्यात संकोच कसला?

खूण पाहून थांबू नये. मोबाइलवरील ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की दागिना कोणत्या प्रकारचा, कस किती, कोणत्या केंद्रात तपासला, कोणत्या जवाहिऱ्याने दिला हे दिसते. हातात अंगठी आणि पडद्यावर हार असे दिसले तर समजून जावे.

दोन ग्रॅमच्या आतील दागिने, कुंदन, पोलकी व जडाऊ काम, आणि वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांपर्यंत असलेले दुकानदार यांना सक्तीतून सूट आहे. म्हणजे छोट्या सोनाराकडे हॉलमार्क नसला तर तो लबाडच, असे मानू नये. पण तेथे बिलाची आणि तपासणीची गरज अधिक. तसेच घरातले जुने, बिनहॉलमार्कचे दागिने विकण्यास ग्राहकाला कसलीही बंदी नाही. या सबबीवर कोणी भाव पाडू लागला तर त्याला ठाम नकार द्यावा. जुन्या दागिन्याचा कस पाहायचा असेल तर तो मान्यताप्राप्त तपासणी केंद्रात स्वतः नेता येतो. चार दागिन्यांपर्यंतची फी दोनशे रुपये आहे.

हॉलमार्क असूनही सोने कमी निघाले तर? ब्युरोच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे कमी भरलेल्या कसाची त्या वजनावर जी रक्कम होते, तिच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च ग्राहकाला मिळतो. हिशेबासाठी चोख सोन्याचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरू. ५० ग्रॅमच्या बांगड्या ९१६ च्या म्हणून घेतल्या, तर त्यात ४५.८ ग्रॅम सोने हवे. निघाल्या ७५० च्या, म्हणजे सोने ३७.५ ग्रॅम. फरक ८.३ ग्रॅमचा, म्हणजे ८३,००० रुपयांचा. भरपाई १,६६,००० रुपये. पण हे सर्व पक्के बिल असेल तरच. बिलात निव्वळ वजन, कस आणि हॉलमार्कचा खर्च वेगळा लिहून घ्यावा. आमच्या २००४ च्या चिठ्ठीला काहीच किंमत नव्हती.

कारागीर बांधवांसाठी

दागिना पत्र्याने ९१६ असला तरी सांध्याच्या झाळीने तो खाली येतो. ४७ ग्रॅम सोने ९१६ चे आणि ३ ग्रॅम झाळ ६०० ची असेल, तर सगळा दागिना आटल्यावर ८९७ भरतो. जुन्या घडणीचे दागिने मोडीत कमी भरतात त्याचे हे एक कारण आहे. प्रत्येक वेळी सोनाराची नियतच वाईट असते असे नाही. ही तूट टाळण्यासाठी पुढे कॅडमियमची झाळ आली. तिला ‘केडीएम’ म्हणू लागले आणि लोक त्यालाच शुद्धतेचा शिक्का समजू लागले. केडीएम हा कस नव्हे, ती झाळीची जात आहे. कॅडमियमचा धूर फुफ्फुसांना आणि मूत्रपिंडांना घातक आहे, म्हणून ती वर्ज्य ठरली. बंद खोलीत दिवस-दिवस फुंकणीपुढे बसणाऱ्या आपल्या पोरांनी तिला हात लावू नये. जस्त वगैरेंच्या सुरक्षित झाळी आता मिळतात.

दोन कसांचे सोने एकत्र आटवताना अंदाजाने सरासरी काढू नये. ३० ग्रॅम ९१६ चे आणि २० ग्रॅम ७५० चे असेल, तर शुद्ध सोने २७.४८ अधिक १५, म्हणजे ४२.४८ ग्रॅम. त्याला ५० ने भागले की कस जवळजवळ ८५०. मधला आकडा ८३३ धरला तर कारागिराच्याच पदरची तूट होते.

दीनच्या बाजूने

मापात कमी देणाऱ्यांना कुरआनच्या सूरह मुतफ्फिफीनमध्ये कडक ताकीद आहे. कस कमी देणे हेही माप मारणेच आहे. फरक एवढाच की तराजू बरोबर दिसतो. खैबरच्या वेळची एक हदीस सही मुस्लिममध्ये आहे. हजरत फजाला (रजि.) यांनी सोने आणि मणी असलेला हार बारा दीनारांना घेतला. सुटा करून पाहिला तर त्यातले सोनेच बारा दीनारांहून अधिक भरले. पैगंबर (स.) यांनी असा हार सुटा केल्याशिवाय विकू नये असे फर्मावले. आज ३२ ग्रॅमच्या हारात ७ ग्रॅम खडे आणि लाख असते आणि भाव ३२ ग्रॅमचा लागतो, तेव्हा ही हदीस आठवावी. त्यात सोने २५ ग्रॅमच आहे.

जुने सोने देऊन नवे घेताना वजनाला वजन वळते करण्याची जी रीत आहे, तीही तपासून पाहावी. सोन्याच्या बदल्यात सोने बरोबरीने आणि हातोहात, हा शरीअतचा नियम. सोपा मार्ग असा की जुन्या सोन्याचा कस पाहून त्याचे पैसे रोख घ्यावेत, त्याची वेगळी पावती करावी, आणि मग नवा दागिना वेगळ्या बिलाने घ्यावा. यात दीनही राखला जातो आणि हिशेबही उघडा राहतो.

जकातीचा निसाब साडेसात तोळे. हा तोळा ११.६६४ ग्रॅमचा, म्हणजे निसाब ८७.४८ ग्रॅम. बाजारात आज तोळा म्हणतात तो १० ग्रॅमचा. त्याने मोजले तर ७५ ग्रॅमच होतात. मिसळीच्या बाबतीत हनफी मजहबात सोने जास्त असेल तर सगळा दागिना सोन्यातच धरतात. शाफई मजहबात, जो आपल्या कोकणी बांधवांचा आहे, आतल्या शुद्ध सोन्याचे वजन पाहतात. वापरातल्या दागिन्यांबाबतही दोन्हींत फरक आहे. आपापल्या आलिमांकडून मसला समजून घ्यावा. पण आलिमसाहेबांपुढे जाताना वजन आणि कस हे दोन आकडे बरोबर न्यावेत. ते नसतील तर तेही काय सांगणार?

निकाहनाम्यातील एक ओळ

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. निकाहनाम्यात मेहर म्हणून ‘पाच तोळे सोने’ एवढेच लिहितात. तोळा कोणता? कस कोणता? जुन्या तोळ्याने चोख सोने धरले तर ५८.३२ ग्रॅम होते. बाजारी तोळ्याने ९१६ चे धरले तर ५० ग्रॅमच्या दागिन्यात शुद्ध सोने ४५.८ ग्रॅम. फरक साडेबारा ग्रॅमचा. हे साडेबारा ग्रॅम एका मुलीच्या हक्काचे आहेत, आणि वाद उपटतो तेव्हा ती बहुधा तलाक किंवा वैधव्याच्या दुःखात असते. म्हणून ‘पन्नास ग्रॅम सोने, कस ९१६’ असे ग्रॅम आणि हजारी आकड्यात लिहावे. काझीसाहेबांनी आणि दोन्ही बाजूंच्या वडीलधाऱ्यांनी एवढी एक ओळ पुरी लिहून घेतली तर पुढची कितीतरी भांडणे टळतील.

दागिने तारण ठेवून बिनव्याजी कर्ज देणाऱ्या आपल्या सोसायट्यांनीही पावतीवर नुसते ‘सोन्याची साखळी’ न लिहिता निव्वळ वजन आणि कस लिहावा. ती अमानत आहे, आणि अमानत जशी घेतली तशीच परत करता आली पाहिजे. ती कशी होती हे कागदावर नसेल तर इमानदार माणसावरही संशय येतो.

थोडक्यात, सोने घेताना, विकताना, तारण ठेवताना आणि मेहरमध्ये देताना दोनच प्रश्न विचारावेत. निव्वळ वजन किती? हजारी कस किती? दोन्हींचा गुणाकार करून हजाराने भागले की खरे सोने किती ते कळते. चौथीत शिकलेले गणित आहे, त्याला सराफाची ओळख लागत नाही. घेणाऱ्याला हक्काचे पुरे मिळो आणि विकणाऱ्याची रोजी हलाल होवो, एवढीच दुआ. आमीन.